मोसंबीच्या पानावरची माती

वैजापूर, पैठण, अंबड या पट्ट्यात फळबागेच्या पानांवर पांढरी माती, म्हणजे केओलिन, पोचली ती दुष्काळामुळे. 2012-13 मध्ये मोसंबीच्या बागा जळत होत्या. बाग जगवण्याच्या सल्ल्यात 8 टक्के केओलिनची फवारणी होती, म्हणजे 10 लिटर पाण्याला 800 ग्रॅम. पांढरा थर ऊन परतवतो, बाष्पोत्सर्जन घटते. अमेरिकेत वाट वेगळी होती. केर्नीसव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात ग्लेन आणि पुटेर्का यांनी 1990 च्या दशकात सफरचंद-नासपतीवर हाच थर मुख्यतः कीड-रोगांसाठी तपासला. उन्हापासून बचाव हा पुढे कळलेला फायदा. आपल्याकडे माती दुष्काळाच्या खात्यात जमा झाली आणि तिचा कीड रोखणारा गुण मागे पडला, असे माझे मत आहे.

यावर कोणी म्हणेल, मातीचा लेप आपल्याला नवा कुठे आहे? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत रोगट भाग छाटून वावडिंग, तूप आणि चिखल लावायला सांगितले आहे, आणि डाळिंबाच्या खोडाला खोडकिड्यासाठी गेरूचा लेप आजही देतात. पण पहिला उपाय जखमेवरचा आणि दुसऱ्यात गेरूबरोबर कीटकनाशकही असते. पानावरचा थर विषाने मारत नाही. कण किडीच्या अंगाला चिकटतात, पाय ठरत नाहीत, झाड ओळखू येत नाही. शेतातली काळी माती इथे चालायची नाही: ती फुगते, तडकते आणि ऊन शोषते. केओलिन फुगत नाही.

खरा आक्षेप पावसाचा आहे. आंबे बहराची फळे पिकू लागतात तेव्हा रस शोषणारा पतंग येतो आणि नेमका त्याच सुमारास पाऊस थर धुऊन नेतो. पतंगापुरती ही फवारणी लंगडीच. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत मात्र नव्या पालवीवर सायला आणि फुलकिडे या किडी असतात, तेव्हा थर टिकतो. फ्लोरिडात लिंबूवर्गीय झाडांवर सायलाविरुद्ध तो उपयोगी ठरला आहे. पालवी वाढत राहते, म्हणून फवारणी पुन्हा घ्यावी लागते. तो खर्च आहेच. शिवाय धुळकट पानांवर मित्रकीटकांचे काम अडते आणि खवलेकीड वाढू शकते. म्हणून बाग वर्षभर पांढरी ठेवण्यात अर्थ नाही, पण पालवीच्या त्या काही आठवड्यांसाठी हा उपाय विहीर आटण्याची वाट न पाहता करून बघावा.