३ ऑक्टोबरचा निकाल, १९ ऑक्टोबरचा वटहुकूम

राजकारणातल्या पैशाचा विषय निघाला की दोन उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणजे पुढारीच खाऊ आहेत. दुसरे म्हणजे पुढारी तरी काय करणार, व्यवस्थाच तशी आहे. दोन्ही उत्तरे देताना कागद चाळावे लागत नाहीत, हीच त्यांची सोय. या विषयाचे कागद तर तारखांसकट उपलब्ध आहेत: न्यायालयांचे निकाल, कायद्यांची कलमे, विधेयकांना जोडलेली निवेदने. ते ओळीने लावले की व्यवस्था कुणी, कधी आणि कशासाठी घडवली याचा बराचसा माग लागतो.

पहिला कागद मुंबईचा, १९५७ सालचा. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीचे ते वर्ष. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला राजकीय पक्षांना देणग्या देण्याचा अधिकार आपल्या मेमोरँडममध्ये घालून घ्यायचा होता. एका भागधारकाने हरकत घेतली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यापुढे आले. कायद्यात मनाई नसल्याने न्यायालयाने कंपनीला परवानगी दिली. मात्र निकाल तिथे थांबत नाही. लोकशाहीतले निर्णय गुणवत्तेवर झाले पाहिजेत, पैशाच्या जोरावर झाले तर ती नासते, असे छागला लिहितात. कंपन्यांना अशी मुभा देण्यातला धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचा गळा घोटू शकतो, तेव्हा संसदेने यावर मर्यादा घालण्याचा विचार करावा, असेही त्यांनी बजावले. कलकत्ता उच्च न्यायालयातही त्याच वर्षी इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीचे असेच प्रकरण आले होते.

संसदेने १९६० मध्ये कंपनी कायद्यात कलम २९३-अ घातले. वर्षाला २५ हजार रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ५ टक्के, यांतली जी रक्कम मोठी तेवढी देणगी चालेल. ती हिशेबात पक्षाच्या नावासह दाखवायची. हा काळ उघड व्यवहाराचा होता. १९६१ मध्ये जे. आर. डी. टाटांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून कळवले की काँग्रेसबरोबरच स्वतंत्र पक्षालाही आम्ही पैसे देणार आहोत. नेहरूंचे उत्तर असे, की तुम्ही मोकळे आहात, पण त्या पक्षातून सबळ विरोधी पक्ष उभा राहील ही तुमची आशा मला पटत नाही. देणारा सांगून देतो आणि सत्ताधारी ते ऐकून घेतो, असा पत्रव्यवहार मला फार मोलाचा वाटतो.

भ्रष्टाचार रोखण्याचे उपाय सुचवण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीने १९६४ च्या अहवालात कंपन्यांच्या देणग्या पूर्ण बंद करायला सांगितले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसने अनेक राज्ये गमावली, आणि १९६९ मध्ये बंदी आली. पक्षांना सरकारी निधी देण्याची सोय मात्र झाली नाही. निवडणुकीचा खर्च होता तसाच राहिला. धनादेशाचा रस्ता बंद झाल्यावर पैसा कुठल्या रस्त्याने येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. काळ्या पैशाच्या कारणांत प्रत्यक्ष करांची चौकशी करणाऱ्या वांछू समितीने १९७१ मध्येच राजकीय देणग्यांचा उल्लेख केला.

आता १९७४ कडे येऊ. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्लीच्या सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. जनसंघाचे कंवरलाल गुप्त हरले आणि न्यायालयात गेले. उमेदवाराला खर्चाची मर्यादा होती १० हजार रुपये. पक्षाने त्याच्यासाठी केलेला खर्च त्यात धरायचा की नाही, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. पी. एन. भगवती यांनी ३ ऑक्टोबर १९७४ रोजी उत्तर दिले: पक्ष आपल्यासाठी खर्च करतो आहे हे उमेदवाराला माहीत असेल आणि तो त्याचा फायदा घेत असेल, तर तो खर्च त्याचाच. नाहीतर मर्यादेला अर्थ काय? बडे देणगीदार पक्षाला पोसतील आणि मोबदला मागतील, गरीब उमेदवार मात्र बाहेरच राहील. चावलांची निवडणूक रद्द झाली.

१९ ऑक्टोबरला वटहुकूम निघाला. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७७ ला स्पष्टीकरण जोडले गेले: पक्षाने, संस्थेने किंवा उमेदवार व त्याचा प्रतिनिधी सोडून अन्य कुणीही केलेला खर्च उमेदवाराच्या खर्चात धरू नये. हे मागच्या निवडणुकांनाही लागू. न्यायालयांनी आधीच अंतिमपणे रद्द ठरवलेल्या निवडणुका तेवढ्या वगळल्या, म्हणजे चावलांची जागा गेली ती गेलीच, बाकीचे वाचले. कायदामंत्री होते ह. रा. गोखले, मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. विधेयकाच्या 'उद्देश व कारणे' निवेदनात घाईचे कारण स्वच्छ लिहिले आहे: ज्यांच्याविरुद्ध निवडणूक याचिका पडून आहेत, त्यांच्यावर या निकालाचा परिणाम होईल. पडून असलेल्या याचिकांत इंदिरा गांधींविरुद्धची राजनारायण यांची याचिकाही होती. (अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हांनी १९७५ मध्ये इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली ती अन्य कारणांवरून. जादा खर्चाचा आरोप त्यांनी मान्य केला नाही. हे सांगितलेच पाहिजे.)

न्यायालयाने बुजवलेले भोक १६ दिवसांत पुन्हा पाडले गेले. ज्यांनी पाडले त्यांची नावे राजपत्रात आहेत. पुढे ज्या उमेदवारांनी त्यातून पैसा वाहू दिला, ते व्यवस्थेचे बळी असतीलही. वटहुकूम काढणाऱ्यांना तसे म्हणता येणार नाही, आणि पुढे सत्तेवर येऊनही ते स्पष्टीकरण तसेच ठेवणाऱ्या इतर पक्षांनाही नाही. १९७७ मध्ये जनता पक्ष आला, १९८९ मध्ये जनता दल आला. कुणीही ते काढले नाही.

कंपन्यांच्या देणग्या १९८५ मध्ये पुन्हा खुल्या झाल्या. २०१३ च्या कायद्याने कमाल मर्यादा साडेसात टक्के केली, २०१७ मध्ये ती काढूनच टाकली आणि निवडणूक रोखे आणले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले. त्या निकालात छागलांच्या १९५७ च्या इशाऱ्याचा आधार घेतला आहे. कलम ७७ चे स्पष्टीकरण २००३ मध्ये बदलून आता बड्या नेत्यांच्या प्रवासखर्चापुरते उरले. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला सध्या ९५ लाखांची मर्यादा आहे. त्याच्या पक्षाने देशभर किती खर्च करावा, याला आजही कायद्यात मर्यादा नाही.