अक्षहृदय आणि अश्वहृदय

महाभारताच्या वनपर्वात, नलोपाख्यानात, एक विलक्षण देवघेव आहे. द्यूतात राज्य गमावलेला नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आहे. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण बेहड्याच्या एका झाडाकडे नुसते पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नळ रथ थांबवून प्रत्यक्ष मोजतो, संख्या जुळते. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म देतो आणि बदल्यात अश्वहृदय, म्हणजे घोड्यांची विद्या मागतो. प्राचीन काळी फासे म्हणून बेहड्याचीच फळे वापरीत, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रसंगाचा रोख स्पष्ट होतो. पैज लावणाऱ्याला दोन प्रकारचे ज्ञान हवेसे वाटते: एक संख्येचे, दुसरे जिवंत प्राण्याचे. ही दोन्ही सारखीच मानली की काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

समग्र महाभारत आर्यावृत्तात मराठीत आणणारे मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीचे. त्यांच्याच मुलखात, बारामती-इंदापूरच्या बाजूला, या दोन हृदयांचे अलीकडचे अवतार शेजारी शेजारी नांदताना दिसतात. एक बैलगाडी शर्यत, दुसरा मटका.

शर्यतीच्या माळावर जाणकारांची चर्चा ऐकावी. बैल आदत आहे की दुसा, म्हणजे त्याला अजून कायमचे दात आलेले नाहीत की दोन आले आहेत; तो गाडीच्या कोणत्या अंगाला पळतो; मागच्या मैदानात शेवटच्या टप्प्यात तो ढिला पडला होता का; आणि मुख्य म्हणजे त्याचा पैरा कोणाशी. पैरा हा मूळचा शेतीतला शब्द. दोन शेतकऱ्यांनी आपापले बैल एकत्र जुंपून आळीपाळीने कामे उरकायची, ही जुनी रीत. शर्यतीत त्याचा अर्थ दोन मालकांच्या बैलांची जोडी असा झाला. एकेकटे नामांकित बैल एकत्र आले की गाडी पळतेच असे नाही. चाल जुळावी लागते. येथे भूतकाळ बोलतो, कारण कालच्या धावेतला दम, वय आणि खोड आजही त्याच देहात असते.

मटक्यात नेमके हेच नसते. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होणारे दर तारेने मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. १९६१ च्या सुमारास तो मार्ग बंद झाला. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचे मटके सुरू केले. कापूस गेला, आकडा राहिला. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे बाजाराचे शब्दही राहिले. पुढे मटक्यातील चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि शेवटचा अंक घ्यायचा. ३, ५, ९ आले तर बेरीज १७, म्हणून आकडा ७. असे एकूण २२० ‘पाने’ होतात आणि प्रत्येक आकड्याच्या वाट्याला बरोबर बावीस येतात. गिरणगावात वाढलेला हा खेळ टेलिफोनच्या तारांवरून तालुक्याच्या बाजारपेठांपर्यंत पोचला.

पत्त्याला स्मरण नसते. काल सात आला म्हणून आज तो येण्याची शक्यता वाढत नाही किंवा घटतही नाही. तरीही मटक्याभोवती एक संपूर्ण वाचनसंस्कृती उभी राहिली. वर्षानुवर्षांच्या आकड्यांचे तक्ते छापले गेले. त्यांत आडव्या-उभ्या रेषा मारून ‘लाईन’ शोधणारे तयार झाले. स्वप्नातला साप, बुवांच्या तोंडचा निसटता शब्द, मोटारीची नंबरपाटी, सर्वांचे आकड्यांत भाषांतर होऊ लागले. साहित्याच्या अभ्यासकाने या टीकाकारांकडे तुच्छतेने पाहू नये. संहितेत आकृतिबंध शोधणे हा आपलाही व्यवसाय आहे. फरक एवढाच की आपल्या संहितेमागे कोणीतरी लिहिणारा असतो. त्या तक्त्यामागे कोणीच नसतो. आणि चुकीच्या अर्थनिर्णयाची किंमत तेथे रोजंदारीतून फेडली जाते. एकेरी आकड्याला साधारणतः नऊपट पैसे मिळत, शक्यता मात्र दहात एक. शंभर रुपये लावणाऱ्याचे दहा रुपये सरासरीने जाणार, हे कोणत्याही तक्त्याशिवाय सांगता येते.

मग जाणकाराची पैज तरी शहाणपणाची म्हणावी काय? अमेरिकेतील बेसबॉलचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. तेथे पैसे लावणारा आज चेंडू कोण टाकणार, समोर डावखुरे फलंदाज किती, हे पाहतो. हे अश्वहृदयच झाले. पण तोच मनुष्य ‘हा संघ गेले पाच रविवार जिंकला आहे’ असे म्हणतो, तेव्हा तो नकळत मटक्याचा तक्ता वाचू लागलेला असतो. शिवाय चेंडू टाकणाऱ्याची कीर्ती सट्टेवाल्यालाही ठाऊक असते. ती त्याच्या भावात आधीच मुरलेली असते. खरे ज्ञान असूनही फायदा उरत नाही तो यामुळे. आणि १९१९ च्या विश्वमालिकेत घडले तसे खेळाडूच फितूर झाले, तर जाणकार सर्वांआधी फसतो.

कायद्यानेही हाच भेद दीर्घकाळ जपला. मुंबई इलाख्याच्या १८८७ च्या जुगारप्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्यप्रधान स्पर्धा जुगारापासून वेगळ्या मानल्या आणि १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यती कौशल्याच्या ठरवल्या. बैलांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठली, ती मात्र प्राण्यांच्या छळाच्या प्रश्नावर, पैजेच्या नव्हे. पुढे २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी संमत केलेल्या कायद्याने पैशाच्या खेळांपुरता हा भेदच बाजूला ठेवला: खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसा लागला की तो निषिद्ध.

हा निर्णय कठोर वाटेल, पण त्यामागे एक अनुभव आहे. मोबाइलच्या पडद्यावर आकडेवारीचा इतका मारा होतो की नशिबाचा खेळही विद्येसारखा दिसू लागतो. ‘मी अभ्यास करून लावतो’ हे वाक्य मटक्याच्या तक्त्यापुढे बसलेला मनुष्यही तितक्याच प्रामाणिकपणे उच्चारीत असे. नलोपाख्यानात अक्षहृदय मिळताच नळाच्या देहातून कली बाहेर पडतो. नळ पुन्हा एकदा खेळतो, राज्य परत मिळवतो आणि थांबतो. फाशांचे मर्म कळल्याची खरी खूण त्या थांबण्यात आहे.