फुफाट्यातला बटाटा



थंडीचे दिवस आहेत असे समजा. रात्रीची भाकरी झाली आहे, चुलीतली लाकडे मागे ओढली आहेत आणि खाली निखाऱ्यांवर राखेची साय धरली आहे. अशा वेळी घरातले एखादे पोर हळूच दोन-चार बटाटे त्या फुफाट्यात सरकवते. अर्ध्यापाऊण तासाने चिमट्याने ते बाहेर निघतात. साल काळी पडलेली, आत मात्र पीठ झालेले. फुंकर मारायची, साल सोलायची आणि मीठ लावून खायचे. आपल्यापैकी किती जणांनी हे केले असेल!

आता याच वेळी ते पोर विचारते, "आजी, उद्या चतुर्थी. बटाटा उपासाला चालतो, मग भाकरी का चालत नाही?" आजी म्हणते, "अरे, पूर्वीपासून तसंच आहे." पोर शाळेतून ऐकून आलेले असते. ते पुढे विचारते, "शिवाजी महाराजांनी आपलं कल्याण घेतलं, तेव्हाही लोक उपासाला बटाटाच खात होते का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, बरे का. महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती 1657 साली. त्या काळी आपल्याकडच्या सामान्य कुणब्याच्या चुलीपर्यंत बटाटा पोहोचलेला नव्हता. म्हणजे आजीचे "पूर्वीपासून" फार लांबचे नाही. मग हा पाहुणा आला कुठून, आणि देवाच्या पानापर्यंत जाऊन बसला कसा?

बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतले. तिथे आन्डीज नावाची उंच पर्वतांची रांग आहे. तिच्यातल्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांच्या मुलखात लोक हजारो वर्षांपासून बटाटा पिकवत आले आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो मुलूख जिंकला आणि बटाटा जहाजात बसून युरोपात आला. तिथून दर्यावर्दी लोकांच्या हाती तो आपल्याकडे आला.

नावाची गंमत पाहा. उत्तरेकडे याला 'आलू' म्हणतात. तो शब्द संस्कृतातला जुना, कंदांना लावला जाणारा. आपण म्हणतो 'बटाटा'. हा शब्द पोर्तुगीजांचा. आणि त्याचे मूळ कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडे. त्या लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे आपले रताळे! पेरूमधले लोक खऱ्या बटाट्याला 'पापा' म्हणत. रताळ्याचे नाव बटाट्याला चिकटले आणि तेच आपल्या ओठांवर बसले.

पोर्तुगीज काही आपल्यापासून दूर नव्हते. वसई त्यांच्या ताब्यात 1534 साली गेली, ती चिमाजीअप्पांनी 1739 साली सोडवली. म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे ते उल्हास नदीच्या मुखाशी बसले होते. त्याच नदीच्या खाडीवर, दुर्गाडीच्या पायथ्याशी, आपले कल्याण बंदर. कल्याणला परदेशी मालाचे नवल कधीच नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने लिहून ठेवलेल्या पुस्तकात कल्याणचे नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणकरांचे शिलालेख आहेत. बंदराच्या गावाला नवे बी, नवे फळ, नवा शब्द घ्यायची सवयच असते.

परंतु एखादी वस्तू बंदरावर उतरणे वेगळे आणि ती गरिबाच्या टोपलीत येणे वेगळे. बटाट्याला थंड हवा आणि निचऱ्याची जमीन लागते. आपल्या खाडीकाठच्या भातखाचरात तो रमणारा नव्हे. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी तिथे भाजीपाल्याबरोबर बटाटा पिकवला. पुणे जिल्ह्यात खेड, जुन्नर या बाजूंच्या शेतकऱ्यांनी तो शेतात घेतला. पण डोंगरावरचा बटाटा कोकणात उतरायचा कसा? ते काम आगगाडीने केले. 1 मे 1854 रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. 1863 साली बोरघाट आणि 1865 साली थळघाट गाडीला खुला झाला. पुण्याकडची वाट आणि नाशिककडची वाट, दोन्ही कल्याणला येऊन मिळाल्या. देशावरचा माल घाट उतरून दारात येऊ लागला.

असो. आला कसा ते कळले. उपासाला चालू कसा लागला?

उपासाच्या दिवशी धान्य वर्ज्य, कंदमूळ आणि फळ चालते, असा आपला जुना समज. सुरण, शिंगाडा, दूध, वरीचे तांदूळ ही जुनी मंडळी. बटाटा जमिनीखालून निघाला, तेव्हा तो कंदमुळांच्या पंगतीत बसला असावा, हे सहज पटण्यासारखे आहे. आणि तो एकटा नाही हो! उपासाचे ताट समोर घ्या आणि वर्गात मुलांना विचारा. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका अमेरिकेतला. शेंगदाणा अमेरिकेतला. मिरची अमेरिकेतली. रताळेही तिथलेच. जिरे, तूप, आले तेवढे जुने. भूगोलाचा आणि इतिहासाचा असा धडा एका ताटात दुसरीकडे सापडायचा नाही.

यावर कोणी म्हणेल, "म्हणजे आमचे काहीच नाही की काय?" मला तसे वाटत नाही. एखादी गोष्ट आपली होते ती जुनी आहे म्हणून नव्हे, तर तिच्यावर आपल्या हातांनी संस्कार केले म्हणून. याचा दाखला आपल्या शेजारीच आहे.

रायगड जिल्ह्यात, म्हणजे 1981 पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. हा बांधावर आपोआप उगवणारा, उग्र वासाचा रानपाला. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, मीठ आणि ओवा. खाणारे असतील तर अंडी आणि कोंबडीही. वरून पुन्हा पाला दाबून तोंड बंद करायचे, मडके पालथे घालायचे आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचे. पाण्याचा थेंब नाही. पाल्याच्या ओलाव्यावर आणि वासावर सगळे शिजते. वर गुजरातेत, वलसाडच्या बाजूला, असाच उबाडियुं नावाचा प्रकार करतात.

आणि नवल असे, की तिकडे पेरूमध्ये शेतकरी काढणीच्या दिवसांत शेतातच मातीच्या ढेकळांची भट्टी रचतात, ती तापवून आत नवे बटाटे घालतात आणि वरून ढासळवतात. सणासमारंभाला तापल्या दगडांवर मांस, बटाटे आणि वासाचा पाला घालून जमिनीत शिजवतात. त्यांनी आपल्याला शिकवले नाही, आपण त्यांना शिकवले नाही. दोन टोकांच्या शेतकऱ्यांना एकच गोष्ट सुचली, की कंदाला आग द्यावी आणि सोबत हिरवा पाला द्यावा.

हा 'सोबत' शब्द लक्षात ठेवा. कारण सोबत नसली म्हणजे काय होते, तेही इतिहासाने दाखवले आहे. आयर्लंडमधल्या गोरगरीब कुळांच्या पदरी जमिनीचा एवढासा तुकडा उरला होता. त्यावर पोट भरेल असे पीक एकच, बटाटा. बराचसा बटाटाही एकाच वाणाचा. 1845 साली करपा पडला आणि पुढची काही वर्षे पीक कुजत गेले. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्याच काळात त्या देशातून धान्य बाहेर जात होते. तेव्हा दोष एकट्या रोगाचा नव्हता. खंड घेणारा जमीनदार आणि दूरचे सरकार यांचाही होता. बटाटा वाईट नव्हे. गरिबाच्या हाती दुसरे काही न ठेवणे वाईट.

आपल्याकडे बटाटा आला तो पाहुणा म्हणून. त्याने भात, नाचणी, वाल यांना घराबाहेर काढले नाही. पुढे आपल्या संशोधकांनीही त्याची काळजी घेतली. 1949 साली पाटण्याला बटाट्याची मध्यवर्ती संशोधन संस्था निघाली, ती नंतर सिमल्याला गेली. तिने 1968 साली दिलेला 'कुफरी ज्योती' हा वाण करप्याला तोंड देणारा म्हणून नावाजला. खेड-आंबेगावच्या सातगाव पठारावरचे शेतकरी पावसाळी बटाटा घेतात, तो आपल्या बाजारात येतो.

आता शेवटी थोडे चुलीपाशी येऊ. फुफाट्यातल्या बटाट्याची कोशिंबीर एकदा करून पाहा. अर्धा किलो लहान बटाटे भाजा. चूल नसेल तर जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आंचेवर भाजले तरी चालतील. सोलून हातानेच फोडा, सुरीने कापू नका. खडबडीत तुकड्याला मसाला चांगला धरतो. गरम असतानाच मीठ, लिंबू आणि चमचाभर कच्चे तेल घाला, म्हणजे ते आत मुरते. कोमट झाल्यावर मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घाला. उपास नसेल तर लसणीची पात घाला. हिरवा पाला आधी घालू नका, तो गरमीने मलूल होतो. आणि एक सावधगिरी: उजेडात राहून हिरवा पडलेला किंवा मोड आलेला बटाटा घेऊ नका. त्यातला विषारी अंश भाजूनही जात नाही. बटाटा नेहमी अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

वाटी पुढे आली की त्या पोराला जवळ बसवा. बटाटा पेरूचा, मिरची मेक्सिकोकडची, नाव पोर्तुगीजांचे, कोथिंबीर आपल्या वाफ्यातली, आग आपल्या चुलीतली आणि हात आजीचे. त्याला सांगा, की पूर्वीपासून असे नव्हते. कोणा तरी आजीने एके दिवशी हे पहिल्यांदा केले, आणि ते चांगले होते म्हणून राहिले. मग तो विचारील, "आजी, आपण आता नवीन काय घ्यायचं?" त्या प्रश्नाला मात्र "पूर्वीपासून तसंच आहे" असे उत्तर देऊ नका.