श्रीलंका : भिक्खू संघ आणि राजसत्ता
१९५६ च्या निवडणुकीत भिक्खूंच्या आघाडीने एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांचा जोरदार प्रचार केला. सत्ता येताच सिंहली ही एकमेव राजभाषा झाली. १९५७ मध्ये बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी प्रादेशिक परिषदांचा करार केला. भिक्खूंनी त्यांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि एप्रिल १९५८ मध्ये त्यांनी तो मोडला. १९५९ मध्ये त्यांना गोळ्या घालणाराही भिक्खूच होता! इथल्या बहुसंख्याकवादाविरुद्ध लढताना आम्ही हा इतिहास धम्मबांधवांचा म्हणून झाकणार नाही. १९७२ च्या संविधानाने बौद्ध धम्माला अग्रस्थान दिले. ते आजही कायम आहे. २००४ मध्ये जातिक हेल उरुमय पक्षाचे ९ भिक्खू खासदार झाले.