क्रूझच्या सहलीला निघताय? मोठ्या बॅगेआधी हातातली पिशवी भरा. कागदपत्रांपासून औषधांपर्यंत संपूर्ण यादी

नवी मुंबई : दिवाळीची सुट्टी, लग्नाचा वाढदिवस किंवा आई-वडिलांची निवृत्ती, अशा निमित्ताने पनवेल, उरण, पेण भागातील कुटुंबेही आता मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या क्रूझची चौकशी करू लागली आहेत. मुंबईत बॅलार्ड पिअर येथे उभारलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजी झाले. तिकीट काढले की घरात पहिला प्रश्न येतो, सोबत काय न्यायचे?

एसटीने जाताना काही विसरले तर पुढच्या स्टँडवर मिळते. जहाज बंदरातून सुटले की मेडिकल नाही, किराणा दुकान नाही आणि मागे फिरणेही नाही. त्यामुळे कपडे कमी पडले तरी चालतील, पण ओळखपत्र आणि औषध विसरून चालत नाही.

हातातली पिशवी सगळ्यात महत्त्वाची

टर्मिनलवर मोठ्या बॅगा ताब्यात घेतात, त्यांची तपासणी होते आणि त्या नंतर खोलीपर्यंत पोहोचवल्या जातात. खोलीला जहाजावर 'केबिन' म्हणतात. बॅग यायला काही तास लागू शकतात. त्यामुळे खालील वस्तू मोठ्या बॅगेत न टाकता खांद्याच्या पिशवीतच ठेवाव्यात :

- प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र : आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना. फक्त पॅन कार्डावर विसंबू नये, त्यावर पत्ता नसतो.
- लहान मुलांचे आधार किंवा जन्म दाखला.
- तिकीट आणि वेब चेक-इन झाल्याचा बोर्डिंग पास, मोबाइलमध्ये आणि कागदावरही.
- रोजची सर्व औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा.
- मोबाइलचा चार्जर, थोडी रोख रक्कम, बँकेचे कार्ड.
- एक जोडी कपडे आणि लहान मुलांचे सामान.

तिकिटावरचे नाव आणि आधारवरचे नाव सारखे आहे का, हे बुकिंगच्या दिवशीच बघावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत हा घोळ हमखास होतो. तिकीट माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल, तर गेटवर अडचण येऊ शकते. चूक दिसल्यास लगेच कंपनीला कळवून दुरुस्ती करून घ्यावी. जहाज परदेशी बंदराला जाणार असेल तर पासपोर्ट लागतोच. लक्षद्वीपच्या फेरीसाठी वेगळा परवाना लागतो, तो कोण काढणार हे आधीच विचारावे.

औषधे : दोन दिवसांची जास्त

बीपी, शुगर, थायरॉईड, दमा यांची औषधे सहलीच्या दिवसांपेक्षा किमान दोन दिवसांची जास्त घ्यावीत. गोळ्या सुट्या पुडीत न नेता मूळ पाकिटातच न्याव्यात, म्हणजे तपासणीत प्रश्न येत नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते थंड ठेवण्याची सोय केबिनमध्ये आहे का, हे कंपनीला आधी विचारावे. मोठ्या जहाजावर डॉक्टर असतात, पण उपचाराचे पैसे वेगळे पडतात.

बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच गोळी न्यावी आणि ती त्रास सुरू होण्याआधी घ्यावी. उलट्या सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात. मळमळू लागल्यास मोबाइलमध्ये डोके न घालता डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे बघत बसावे.

गरोदर महिलांना २४ आठवड्यांनंतर बहुतेक क्रूझ कंपन्या घेत नाहीत. त्याआधीही डॉक्टरांचे पत्र मागितले जाते. अगदी तान्ह्या बाळांसाठीही वयाची अट असते. ही चौकशी पैसे भरण्याआधी करावी.

कपडे किती, कोणते?

पूर्वी कोकणच्या बोटीने जाताना वळकटी, ट्रंक आणि भाकरीचे गाठोडे सोबत असायचे. क्रूझवर अंथरूण, पांघरूण, टॉवेल आणि जेवण सगळे मिळते, त्यामुळे ते ओझे नको. दोन रात्रींसाठी माणशी एक छोटी बॅग पुरते :

- दिवसासाठी सुती कपडे, टोपी, गॉगल.
- आत एसी जोरात असतो आणि रात्री डेकवर वारा असतो. शाल किंवा स्वेटर हवाच.
- रात्रीच्या जेवणासाठी एक बरा जोड. सूट-बूट हवेतच असे नाही, साडी किंवा कुर्ता चालतो.
- पोहण्याच्या तलावात सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत. नायलॉनचे पोहण्याचे कपडे न्यावेत.
- ओल्या डेकवर न घसरणारी चप्पल किंवा बूट. गुळगुळीत तळव्याची चप्पल घरीच ठेवावी.

हे नेऊ नका

जहाजावर सगळ्यात मोठी भीती आगीची. त्यामुळे इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, मेणबत्ती, फटाके यांना बंदी असते. रोज देवपूजा करणाऱ्यांनी छोटा फोटो न्यायला हरकत नाही, पण केबिनमध्ये उदबत्ती किंवा निरांजन लावता येत नाही. सुरी, कात्री, सुपारीचा अडकित्ता तपासणीत काढून घेतात. दारू आणि बाहेरचे खाणेही साधारणपणे नेऊ देत नाहीत. डब्यातले लाडू-चिवडा गेटवर सोडावे लागले तर जीव हळहळतो. लहान बाळाच्या खाण्याला सहसा सवलत असते. पथ्याचे जेवण लागत असेल तर बुकिंग करतानाच सांगावे.

मोबाइल आणि पैसे

किनारा दूर गेला की नेटवर्क जाते. जहाजावरच्या वायफायचे बहुतेक वेळा वेगळे पैसे पडतात. त्यामुळे तिकीट आणि कागदपत्रे आधीच डाउनलोड करून ठेवावीत. यूपीआय नेटवर्कशिवाय चालेलच असे नाही. जहाजावरचा खर्च केबिनच्या खात्यावर लिहिला जातो आणि हिशेब शेवटी होतो. मुलांच्या हातात केबिनचे कार्ड देताना हे लक्षात ठेवावे.

घरी निघण्यापूर्वी जहाजाचे नाव, केबिन क्रमांक आणि कंपनीचा नंबर गावातल्या एका माणसाकडे लिहून द्यावा. फोन लागला नाही तर घरचे घाबरत नाहीत.

बंदरावर वेळेत पोहोचा

तिकिटावरची वेळ चेक-इन बंद होण्याची आहे की जहाज सुटण्याची, हे नीट वाचावे. चेक-इन काही तास आधीच बंद होते. पनवेल, बेलापूरहून हार्बर लोकलने सीएसएमटी आणि तिथून टॅक्सी हा सोपा मार्ग आहे, पण रविवारी मेगाब्लॉक असतो. उरणहून मोरा-भाऊचा धक्का लाँच जवळची, मात्र ओहोटीला गाळामुळे ती बंद राहते. भरती-ओहोटीची वेळ बघूनच निघावे, नाहीतर अटल सेतूने गाडी किंवा उरणची लोकल बरी.

लाइफ जॅकेट कुठे आहे ते आधी बघा

१८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाच्या स्पीड बोटीची धडक बसली. ती दुर्घटना या भागातील लोक विसरलेले नाहीत. क्रूझवर लाइफ जॅकेट घरून न्यावे लागत नाही, पण ते कुठे ठेवले आहे आणि कसे घालायचे हे केबिनमध्ये शिरताच बघावे. मुलांच्या मापाचे नसेल तर लगेच मागून घ्यावे.

जहाज सुटताना सुरक्षेचा सराव घेतात. २०१२ साली इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' क्रूझ खडकावर आदळून ३२ जणांचा जीव गेला. त्यानंतर हा सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेण्याचा नियम झाला. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे धोक्याचा इशारा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे. तो ऐकला की सामान गोळा करत बसू नये. लाइफ जॅकेट आणि औषध घेऊन ठरलेल्या जागी जावे.

स्वस्तातल्या मेसेजपासून सावध

व्हॉट्सॲपवर 'अर्ध्या किमतीत क्रूझ' असा मेसेज आला तर कुणाच्या खासगी खात्यावर पैसे पाठवू नयेत. बुकिंग क्रमांक घेऊन तो कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवर किंवा नंबरवर तपासावा. फसवणूक झाल्याचे कळताच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे अवघड.

शेवटच्या रात्री बहुतेक जहाजांवर मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे, औषधे आणि ओळखपत्र तेव्हाही हातातल्या पिशवीतच राहू द्यावे.