तळटीप: रचनेतले रिकामे बाइट

लेखक ‘रचनेची लांबी’ म्हणतात ती निव्वळ सी भाषेने ठरत नाही. कर्नल ज्या प्रोसेसरसाठी बांधायचा त्याच्या एबीआयने, म्हणजे यंत्रपातळीवरच्या मांडणीच्या नियमांनी, ठरते. डोंबिवलीच्या फलाटावर बारा डब्यांच्या लोकलची खूण धरून उभे राहावे आणि पंधरा डब्यांची गाडी यावी, तसे हे. ३२ बिटांचा आकडा आणि त्यामागे ६४ बिटांचा, ही रचना ३२-बिटी इंटेलवरच्या लिनक्समध्ये १२ बाइटची. स्पार्क व्ही८वर १६, कारण मधे ४ बाइट रिकामे सुटतात. पवईच्या आयआयटीत घडलेला ‘अजित’ प्रोसेसर याच स्पार्क व्ही८ सूचनासंचाचा आहे.

हे रिकामे बाइट टाळायला रचनेला सरसकट ‘पॅक्ड’ लावा, असा सल्ला मिळतो. लांबी जुळते खरी, पण कंपायलरला आकडा तुकड्यातुकड्याने उचलावा लागतो, आणि त्या घटकाचा पॉइंटर दुसऱ्या फंक्शनला दिला की तिथे संरेखन गृहीतच धरलेले असते. असंरेखित पत्त्यावर स्पार्क सरळ ट्रॅप देतो. ट्रॅप हाताळणारा कोड सावरून घेईल म्हणावे, तर बूटच्या आरंभी तो बसलेलाच नसतो. म्हणून ‘पॅक्ड’ फक्त हार्डवेअरने किंवा डिस्कने मांडणी बांधून दिली असेल तिथे वापरावे. एरवी रिकामे बाइट नावानिशी लिहून आकार स्टॅटिक असर्टने तपासावा. रचनेतल्या घटकांची अंतरे मोजणारा प्रोग्राम बांधणीच्या यंत्रावर चालवला तर तो त्याच यंत्राची मापे सांगतो. लिनक्स म्हणूनच ती लक्ष्य-कंपायलरने काढलेल्या असेंब्लीतून वेचून घेतो.