बारावीला बायो नव्हतं, तरी एमबीबीएसला जाता येतं का? नियम, मार्ग आणि वेळापत्रक

थोडक्यात उत्तर: हो, येतं. पण बायोलॉजी न शिकता नाही. बारावी झाल्यानंतर बायो हा जादा विषय म्हणून पास व्हायचा आणि मग नीट द्यायची, असा हा रस्ता आहे. 2023 पर्यंत तो जवळपास बंदच होता. आता उघडा आहे, पण त्यावर एक वर्ष आणि घरचे पैसे लागतात. म्हणून अर्ज भरण्याआधी सगळं नीट समजून घ्या.

हा प्रश्न कुणाला पडतो?

मोहोळसारख्या तालुक्याच्या गावातून सोलापूरला अकरावी सायन्सला गेलेली बरीच मुलं इंजिनीअरिंग डोक्यात ठेवून पीसीएम घेतात. काही जण बायफोकलला कॉम्प्युटर सायन्स घेतात. हा 200 मार्कांचा विषय एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय यांच्या जागी येतो, आणि तिथेच बऱ्याचदा बायो सुटतं. दहावीनंतर पंधराव्या-सोळाव्या वर्षी घेतलेला हा निर्णय. बारावीनंतर वाटतं की डॉक्टर व्हायचंय, आणि मार्कशीटवर बायो नसतं.

आधी काय नियम होता, आता काय आहे?

जुन्या मेडिकल कौन्सिलचे पदवी शिक्षणाचे नियम 1997 सालचे. त्यांनुसार अकरावी आणि बारावी अशी सलग दोन वर्षं फिजिक्स, केमिस्ट्री, बायो हे विषय प्रॅक्टिकलसह नियमित शाळेत शिकलेले असणं गरजेचं होतं. नंतर जोडलेला बायो विषय धरला जात नव्हता.

सप्टेंबर 2020 मध्ये कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग, म्हणजे एनएमसी, आला. त्याने जून 2023 मध्ये नवे नियम काढले. त्यानंतर 22 नोव्हेंबर 2023 च्या जाहीर सूचनेत आयोगाने स्पष्ट केलं की फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी आणि इंग्रजी हे विषय बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून जादा विषय म्हणून पास केले असले, तरी विद्यार्थी नीट-यूजीला बसू शकतो.

कॉमर्स किंवा आर्ट्सवाल्यांनाही हा नियम लागू होतो. फरक एवढाच की त्यांना एक नाही, तीन विषय जोडावे लागतील, आणि तिन्हींचं प्रॅक्टिकल असतं.

बायो जोडायचं कुठून?

दोन मुख्य मार्ग आहेत.

1. राज्य मंडळ. बारावीच्या अर्जांच्या सूचनेत दरवर्षी "तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे विद्यार्थी" असा एक गट दिलेला असतो. तुम्ही त्यात बसता. अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत ऑनलाइन भरला जातो, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. बायोचा पेपर 70 मार्कांचा आणि प्रॅक्टिकल 30 मार्कांचं. त्यामुळे कॉलेजने प्रॅक्टिकलला बसू दिलं पाहिजे, आणि हे जूनमध्येच विचारून घ्या. सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळाखाली येतो. कॉलेजात नीट उत्तर मिळालं नाही, तर तिथे विचारायचं.

2. राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस. हेही केंद्र सरकारचं मान्यताप्राप्त बोर्ड आहे. इथे फक्त हवा तेवढा विषय घेता येतो. बायोलॉजीचा विषय क्रमांक 314. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होतात: एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी ऑनलाइन असते, पण अभ्यास केंद्र निवडावं लागतं आणि प्रॅक्टिकल तिथेच होतं.

एनआयओएस निवडलंत तर केंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. सरकारी कॉलेजांतल्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली आणि महाराष्ट्राचा अधिवास हवा असतो. उगाच बाहेरच्या राज्यातलं केंद्र घेऊन कागदपत्र तपासणीच्या वेळी वाद कशाला ओढवायचा?

पात्रता हा फिल्टर आहे, रँक म्हणजे सॉर्ट

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. कोडिंग करणाऱ्यांना हे पटकन कळेल. बायो पास झाल्याचा कागद फक्त फिल्टर पार करून देतो. सीट मिळते ती सॉर्टमध्ये, म्हणजे नीटच्या मार्कांवर.

नीटमध्ये 180 प्रश्न, 180 मिनिटं आणि 720 मार्क असतात. फिजिक्स 45, केमिस्ट्री 45 आणि बायो 90 प्रश्न. बरोबर उत्तराला 4, चुकलं तर वजा 1. म्हणजे 720 पैकी 360 मार्क एकट्या बायोचे.

आता हिशोब करा. पीसीएमचा चांगला विद्यार्थी फिजिक्स-केमिस्ट्रीच्या 90 पैकी 65 प्रश्न बरोबर सोडवतो आणि 25 चुकवतो. 260 वजा 25, म्हणजे 235. 2025 मध्ये खुल्या गटाची पात्रता 144 मार्कांची होती. म्हणजे बायो कोरं सोडूनही तो कागदावर पात्र ठरला असता! पण सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या सरकारी कॉलेजची सीट एवढ्यात मिळत नाही. पात्र ठरणं वेगळं, सीट मिळणं वेगळं.

म्हणून बोर्डाचा बायो "पास होण्यापुरता" आणि नीटचा बायो "नंतर बघू" असं करू नका. दोन्ही एकाच अभ्यासात करायचे. तुमची जमेची बाजू म्हणजे फिजिक्स, जिथे बायोवाल्या अनेकांचे मार्क जातात. ती तशीच टिकवून ठेवा.

एका वर्षाचं वेळापत्रक

समजा मे महिन्यात तुमचा पीसीएमचा निकाल लागला.

- जून: मार्ग ठरवा. एनआयओएस असेल तर नोंदणी करा, म्हणजे पुढच्या एप्रिल-मेच्या परीक्षेला बसता येईल. राज्य मंडळ असेल तर कॉलेजची परवानगी घ्या.
- जून ते जानेवारी: एनसीईआरटीची अकरावीची 19 आणि बारावीची 13 अशी बायोची 32 प्रकरणं आहेत. आठवड्याला एक धरलं तरी जानेवारीत संपतात. पुस्तकांच्या पीडीएफ एनसीईआरटीच्या साइटवर फुकट आहेत. एनएमसीने जाहीर केलेला नीटचा अभ्यासक्रम शेजारी ठेवा.
- फेब्रुवारी-मार्च: साधारण याच काळात नीटचा अर्ज भरायचा. 2025 मध्ये फी खुल्या गटाला 1700, ईडब्ल्यूएस आणि ओबीसीला 1600, एससी-एसटीला 1000 रुपये होती. राज्य मंडळाची बारावीची परीक्षाही याच दिवसांत.
- मे: नीट बहुधा पहिल्या रविवारी असते. मोहोळकरांसाठी सोलापूर हे केंद्र जवळचं. पेपर मराठीतही घेता येतो, मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी प्रश्न अंतिम धरला जातो.
- निकालानंतर: प्रवेशाच्या वेळी दोन मार्कशीट लागतील, मूळ बारावीची आणि बायोची. दोन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर सारखी हवी. फरक असेल तर दुरुस्ती आधीच करून घ्या.

वयाचं काय? प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरपर्यंत 17 पूर्ण हवीत. वरची वयोमर्यादा 2022 पासून नाही. किती वेळा परीक्षा द्यायची यालाही मर्यादा नाही.

"बायो नको, नीट नको, थेट परदेशात" ही जाहिरात

रीलमध्ये अशी जाहिरात दिसली तर पैसे भरण्याआधी थांबा. परदेशात एमबीबीएस करून भारतात डॉक्टरकी करायची असेल, तर 2018 पासून नीट पात्र होणं बंधनकारक आहे, आणि बारावीची विषयांची अटही सुटत नाही. 2021 च्या नियमांनुसार तिथला कोर्स किमान 54 महिन्यांचा आणि त्यावर 12 महिन्यांची इंटर्नशिप हवी. बायोशिवाय गेलेला मुलगा पदवी घेऊन परत येईल, पण इथे नोंदणी होणार नाही. लाखो रुपये आणि सहा वर्षं पाण्यात.

फोनवर माहिती तपासताना साधी सवय ठेवा: ती त्या संस्थेच्या अधिकृत साइटवरची आहे का ते बघा. एनएमसीची 22 नोव्हेंबर 2023 ची सूचना आणि त्या वर्षीची नीटची माहितीपुस्तिका, या दोन पीडीएफ डाउनलोड करून ठेवा. कॉलेजात कुणी "असं चालत नाही" म्हणालं, तर वाद घालण्यापेक्षा पीडीएफ दाखवा.

वर्ष द्यायचं की नाही?

आधी एक महिना बायो वाचून बघा. पेशी, वनस्पतींचं वर्गीकरण, मानवी शरीर. फिजिक्ससारखं सूत्र लावून सुटणारं इथे कमी, लक्षात ठेवायचं जास्त. वाचताना मजा आली तर पुढे जा. नुसतंच ओझं वाटलं, तर पीसीएमवर बी. फार्मसी आणि बायोमेडिकल इंजिनीअरिंगची दारं उघडी आहेत. आरोग्य क्षेत्रात तिथूनही काम करता येतं. आणि नीटची तयारी करत असलात तरी एमएचटी-सीईटीचा पीसीएम गटाचा अर्ज भरून ठेवा. फी थोडी जाईल, पण वर्षाच्या शेवटी हातात दोन पर्याय राहतील.